जास्तीची बी

माझ्या हातून एक ओळ पुसली गेली, असं म्हणायची सोय आपल्या भाषेत आहे, आणि इतकी वर्षं मी मनातल्या मनात तसंच म्हणत आलो. खरं असं की ती ओळ मी पुसली. खुर्चीत नीट बसून, चहाचा कप बाजूला सारून, पूर्ण शुद्धीत. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कारखान्यातल्या लतीफभाईंना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या कमलताईंना तर नाहीच नाही. यंदा सीताफळं बाजारात आली आणि वाटलं, आता सांगून टाकावं. तसा मी कमी बोलणारा माणूस. पण कमी बोलण्याचा मला जेवढा फायदा झाला, तेवढा क्वचितच कुणाला झाला असेल.

परवा सकाळी क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक बाई हातगाडीवर सीताफळं मांडत होती. खाली त्याच झाडाची पानं अंथरलेली, वर हिरव्या-राखाडी फळांची रास. सकाळी गार आणि दहा वाजता चटका देणारं असं दिवाळीच्या तोंडचं ते ऊन. पानांचा उग्र वास नाकात शिरला आणि माझा उजवा पाय ब्रेकवरच ठेका धरायला लागला. टक-टक, टक. टक-टक, टक. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, हिरवा झाला ना! गाणं घरी जाऊन म्हणा!" मी हसत स्कूटर पुढं काढली. जालना रोडला लागेपर्यंत हसतच होतो. एका मोसमात माणूस लाजेनं मान खाली घालतो आणि त्याच मोसमात आनंदानं त्याचा पाय नाचतो, हे कसं काय, याचं उत्तर मला चिकलठाणा येईपर्यंत सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

सीताफळ घेताना आमच्याकडं आधी डोळे बघतात. खवल्यांमधल्या रेघा रुंदावून पिवळसर दिसायला लागल्या की म्हणायचं, डोळे उघडले. मग ते ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवायचं. रोज सकाळी डब्यात हात घालून बोटानं चाचपायचं, आणि एक दिवस ते अचानक मऊ लागतं. आज दुपारी चाललं असतं, उद्या सकाळी फुटलं असतं, असा तो नेमका एक दिवस. फोडलं की रवाळ पांढरा गर, आणि प्रत्येक पाकळीत एक काळी, गुळगुळीत, चकचकीत बी.

"बिया ताटलीत काढा हं, टाकू नका," बायको म्हणते. आमच्या घरात सीताफळाच्या बिया कचऱ्यात जात नाहीत. त्या धुऊन, गच्चीवर वाळवून, डब्यातून कारखान्यात जातात. पाहुण्यांना नवल वाटतं. मग बायको कौतुकानं सांगते, "यांनी याच बियांवर केवढा शोध लावला होता, माहितीये?" एवढं झालं की मी पाणी प्यायला आत जातो.

आमचा कारखाना चिकलठाण्याला, विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. पत्र्याची शेड, समोर कडुलिंब. आम्ही बिया मोजायची यंत्रं करतो. इथून तासाभरावर जालना, तिथं बियाण्यांच्या कंपन्या. कलिंगडाचं, मिरचीचं बियाणं तिथं वजनावर नाही, नगावर भरतात. पाकिटावर शंभर छापलं असेल तर आत शंभरच हवं. यंत्र तसं साधं: वर बियांचं नरसाळं, त्याखाली थरथरणारी पत्र्याची घसरगुंडी, तिच्या टोकाला एक उजेडाचा डोळा. बी डोळ्यासमोरून गेली की आकडा एकानं वाढतो. शंभर झाले की थरथर थांबते आणि हिरवा दिवा लागतो. चालवणाऱ्यानं पाकीट धरायचं, पायाखालचं पेडल दाबायचं. शंभर बिया पाकिटात पडतात, आकडा शून्य होतो, थरथर पुन्हा सुरू.

त्या डोळ्याचं म्हणणं आतल्या संगणकाला समजावून सांगणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसतो, पडद्यावर कुणाला दिसत नाही. तो मी लिहिला होता. दिसत नाही अशा जागी बसून काम करायचं, हे मला फार मानवायचं.

आणि पेडलवर कमलताई. त्यांचं माहेर फर्दापूरच्या वर, डोंगराकडेच्या गावात. तिथं सीताफळं कुणी लावत नाही, आपली आपण उगवतात. दसरा झाला की त्यांचा भाऊ एसटीनं एक टोपलं पाठवायचा, आणि त्या ते तसंच्या तसं डोक्यावर घेऊन शेडमध्ये यायच्या. दुपारच्या सुट्टीत सगळे मिळून खायचो. कंपन्यांकडून चाचणीसाठी येणारं बियाणं औषधाच्या रंगात बुडवलेलं असायचं, बोटं दिवसभर गुलाबी. एका मोसमात कमलताईंनीच तोंडातली बी हातावर घेऊन उन्हात धरली आणि म्हणाल्या, "सर, हिच्यावर मशीन का नाय तपासत? कडक हाय, गुळगुळीत हाय, आन खाऊन झाल्यावर फुकट जातीया." तेव्हापासून आमच्या शेडमध्ये एक मोठा पत्र्याचा डबा आहे. मोसमात सगळ्यांच्या घरच्या बिया त्यात पडतात आणि वर्षभर यंत्रं त्यांच्यावर तपासली जातात. कुणी नवं कामाला लागलं की आधी डबा दाखवतात, मग संडास.

कमलताईंचे वडील जयंतीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. ती ढोलकी मुलीच्या पायात उतरली होती. त्या चाचणीच्या टेबलाशी बसल्या की हलक्या आवाजात भीमगीत सुरू व्हायचं आणि पाय त्यावर पडायचा. दुसरे लोक हिरव्या दिव्याकडं बघून, खात्री करून, मग पेडल दाबायचे. कमलताई दिवा बघतच नसत. शेवटची बी टोकावरून पडल्याचा आवाज कानानं टिपायच्या आणि त्याच ठेक्यात पाय खाली. आमच्याकडं त्यांच्याइतकी झपाट्यानं चाचणी करणारं कुणी नव्हतं.

आता ती ओळ.

ड्रायव्हर लिहिताना मी एका जागी फट ठेवली होती. पेडल दाबलं की तो आधी आकडा वाचायचा, मग पडद्याला कळवायचा, मग पुसून शून्य करायचा. वाचणं आणि पुसणं यांच्यामध्ये क्षणाचा एक तुकडा मोकळा होता. त्या तुकड्यात घसरगुंडीच्या टोकाला अडकलेली एखादी बी पेडलच्या धक्क्यानं पडली, तर तिची नोंद व्हायची आणि लगेच शून्यासोबत पुसली जायची. बी मात्र पुढच्या पाकिटात जाऊन पडलेली. म्हणजे पुढच्या पाकिटात एकशे एक. आमच्या धंद्यात याला रेस कंडिशन म्हणतात: दोन कामं एकाच वस्तूवर धावतात आणि आधी कोण पोचतं यावर निकाल ठरतो. लिहितानाच मला ती फट दिसली होती. मी तिथं स्वतःसाठी एक ओळ टाकून ठेवली होती: इथं लॉक हवं, नंतर घालणे.

नंतर म्हणजे कधीच नाही, हे सांगायला नको.

एका श्रावणात जालन्याहून एका कंपनीचा माणूस यंत्र बघायला आला. कमलताईंनी चालवून दाखवलं. त्यानं पाकिटं फोडली, बोटानं मोजली. तीन पाकिटांत एकशे एक. मोठे साहेब, म्हणजे आमचे मालक, माझ्याकडं वळले. "काय हो सर, काय भानगड आहे?" मी म्हणालो, "बघून सांगतो." खोलीत गेलो, ड्रायव्हर उघडला, आणि ती ओळ माझ्याकडं बघत होती. माझ्याच हातची, माझी चूक आधीपासून मला ठाऊक असल्याचा लेखी पुरावा. आमच्या घरात दोन पिढ्या कारकुनी झाली. आजोबा निजामाच्या दफ्तरात होते. कागदावर असेल तेच खरं, आणि नको ते कागदावर ठेवू नये, हे दोन्ही मला जन्मापासून येत होतं. मी ओळ पुसली. मग अहवाल लिहिला: चालकाने पेडल अयोग्य क्षणी दाबल्यामुळे मोजणीत फरक येतो. खाली सही.

त्यात एक शब्दही खोटा नव्हता, हे सगळ्यात वाईट.

"गाणी म्हणत काम केलं की असंच व्हायचं," साहेब म्हणाले. कमलताईंच्या फाईलला ताकीद लागली आणि त्यांना पॅकिंगला बसवलं. गणपतीत आमच्याच शेडमध्ये दहा दिवस टाळ्या पिटून आरत्या झाल्या, त्यांनी कुणाचं लक्ष ढळलं नाही. आरत्यांना मीच पुढं होतो. कुणाचं गाणं आड येतं आणि कुणाचं येत नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. गावाला मागून दिसतं, मला आधी दिसतं. मी फक्त बोलत नाही.

कमलताईंच्या जागी लतीफभाई बसले. घसरगुंडी त्यांनीच कानस मारून बनवलेली. पाय त्यांचा जड, दिवा बघून, चष्मा सारखा करून, बिस्मिल्ला म्हणून पेडल दाबणार. तोवर टोकावरची बी स्थिरावलेली असायची, त्यामुळं त्यांच्याकडून एकशे एक जवळजवळ येतच नसे. यंत्र पास झालं, जालन्याला गेलं, आणि महिन्याभरात तक्रार आली. तिथं पेडलवर बसणाऱ्या बाईचाही पाय चलाख होता.

मग सुरू झाला आमचा विमानांचा अभ्यास. लतीफभाईंचं म्हणणं, विमान उतरताना शेड हादरते, तेव्हाच बी घसरते. "मेरी घसरगुंडी में खोट नक्को निकालो सर. ये हवाई जहाज का काम है." मी मान डोलावली. मला खरं ठाऊक असताना मी मान डोलावली, आणि वर म्हणालो, वेळा टिपून ठेवा. पुढं कितीतरी दिवस तो बिचारा भला माणूस विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून दाराशी पळत गेला आणि घड्याळ बघून वहीत लिहीत राहिला. मुंबईचं विमान उशिरा आलं की तो माझ्यावर चिडायचा.

आणि मग सीताफळं आली.

त्या वर्षी टोपलं जरा मोठंच होतं. कमलताई पॅकिंगवरून आल्या, नेहमीसारखं सगळ्यांना वाटलं. माझ्यापुढं दोन फळं ठेवली आणि समोरच्या खोक्यावर बसल्या.

"सर, एक इचारू का?"

"विचारा ना."

"माझं ध्यान गाण्यात व्हतं म्हणून मोजणी चुकली म्हंतेत. बरं. चुकली. मग कधी नव्व्याण्णव का नाय आलं? ध्यान नसलेल्या माणसाचं कधी कमी पडंल, कधी जास्त पडंल. हितं दर येळेला एकच जास्त. एकच. हे माणसाचं काम नाय वाटत मला. माणूस लई तऱ्हेनं चुकतो. हे कायतरी एकाच तऱ्हेनं चुकतंय."

मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांना चूक शोधताना एवढा एक विचार सुचायला आठवडे लागतात. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण खरं सांगायचं तर तिच्याही आधी मला आनंद झाला. फट असल्याचं मला माहीत होतं, पण ती पकडून दाखवता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. हजारो पाकिटांत एखाद्या वेळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना होणारी गोष्ट. ती हुकमी घडवता आली तरच दुरुस्ती झाली की नाही ते कळतं. आणि समोर ही बाई बसली होती, जिच्या पायाला ते घडवता येत होतं.

"कमलताई," मी म्हणालो, "उद्या दुपारच्या सुट्टीत टेबलाशी याल का?"

"साहेब बघतील ना."

"साहेब जेवायला घरी जातात."

"मग येते की," त्या म्हणाल्या, आणि टोपल्यातलं आणखी एक फळ माझ्यापुढं सरकवलं. "हे घ्या. एक जास्त. तुमच्या मशीनवानी."

लतीफभाई एवढ्या जोरात हसले की त्यांनी बी गिळली. मग पोटात झाड येणार यावर बराच वेळ चर्चा झाली.

ते दहा-बारा दिवस माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी आहेत. हे लिहितानाही मला कमीपणा वाटत नाही, फक्त आश्चर्य वाटतं. दुपारचा एक वाजला की यंत्रं बंद होत, शेडमध्ये एकदम कडुलिंबातली पाखरं ऐकू येत. आम्ही तिघं डबे पटापट संपवून टेबलाशी. नरसाळ्यात सीताफळाच्या बिया. मी लॅपटॉप उघडून बसलेला. फटीतून बी निसटली तर पडद्यावर एक खूण उमटेल अशी सोय मी ड्रायव्हरमध्ये केली होती. लतीफभाई पाकिटं उलटी करून मोजायला. ते मोठ्यानं मोजायचे, आणि साठाच्या पुढं गेल्यावर कुणी शिंकलं तरी पुन्हा एकपासून. आणि कमलताई पेडलवर, पदर खोचून, मान किंचित तिरकी.

पहिल्या दिवशी काहीच नाही. त्या अंग चोरून, घाबरत, दिवा बघून पाय टाकत होत्या. दुसऱ्या दिवशीही नाही. लतीफभाई वैतागले. "ताई, ऐसे तो मैं बी दबाता. तुम वो अपना गाना गाव ना!"

"गाण्यानंच तर हितवर आले की मी, भाई."

"साब घर में है. गाव. मैं देखतूं दरवाजा."

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, "म्हणा." एवढा एक शब्द मी त्या सबंध प्रकरणात बरा बोललो.

त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. आधी ओठातल्या ओठात, मग खुल्या आवाजात. आवाज तापला तसा पाय सैल झाला. टक-टक, टक. पाकिटामागून पाकीट पडायला लागलं. आणि मध्येच गाणं न थांबवता, मान हलवून त्या म्हणाल्या, "आत्ता!" पडद्यावर खूण उमटली. लतीफभाईंनी पुढचं पाकीट उलटं केलं, मोजलं. "सौ... और एक!"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"ऐकू येतंय की. बी टोकाला येऊन थांबती, किंचित वाजती. त्याच येळेला पाय पडला तर ती दचकून खाली पडती. परत करू?"

परत केलं. पाच-सहा पाकिटं गेली आणि "आत्ता!" खूण. एकशे एक. पुन्हा. "आत्ता!" तिसऱ्यांदा लतीफभाईंनी पाकीट मोजायच्या आधीच डोक्यावर हात मारला. "ताई, तुमारे पाँव में जिन है क्या?" आम्ही तिघंही हसत होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पॅकिंगच्या बाया गोळा झाल्या. कमलताई त्यांना करून दाखवायला लागल्या, जादूचे खेळ करतात तसं, पदरानं घाम पुसत, "आता बघा हां, आता नाय येणार... आता नाय... ही घ्या, आली!" मला आठवतं, बाहेर एक विमान उतरलं आणि लतीफभाईंनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

मग आत नेमकं काय होतंय ते मी त्यांना समजावलं. म्हटलं, शाळेतल्या पाटीसारखं आहे. एक जण रेघा ओढतो, दुसरा रेघा वाचतो आणि पुसतो. कमलताई बी दोन बोटांत फिरवत ऐकत होत्या.

"म्हंजे बाईनं पाटी वाचली. ती फडकं हातात घेस्तवर पोरानं आणखी एक रेघ वढली. आन बाईनं न बघता समदंच पुसलं. व्हय ना?"

"अगदी तसंच."

"मग त्या पोराचा हात धरायचा की! वाचून पुसून होईस्तवर धरायचा. मग सोडायचा. वढ म्हणायचं बाबा आता."

लतीफभाई उखडले. "इत्ती सी बात? और मेरे से हवाई जहाज के टाइम लिखवाए!"

इत्ती सी बात. दुरुस्ती तेवढीच होती. दोन ओळींचं ते लॉक: हात धरणारी एक, सोडणारी एक. पडद्याला कळवायचं काम तिथून उचलून खाली नेलं. मी लिहिलं, यंत्रात घातलं, आणि कमलताईंना म्हटलं, आता बिघडवून दाखवा. त्यांनी त्या दिवशी पूर्ण सुट्टीभर, आणि साहेब परगावी होते म्हणून पुढं तासभर, जीव तोडून प्रयत्न केला. एकामागून एक गाणी झाली. द्रुत, संथ, पुन्हा द्रुत. "आत्ता!" शंभर. "आत्ता!" शंभर. लतीफभाई मोजून मोजून घसा बसवून बसले. शेवटी कमलताईंनी पाय पेडलवरून काढला, घोटा दाबला आणि खोट्या दुःखानं म्हणाल्या, "गेली की हो सर माझी हुकमी बी." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. मी फक्त "छान झालं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. टेबलाशी सगळे सीताफळं खात होते. त्यांनीही एक उचललं. मी सांगितलं की ड्रायव्हरमध्ये एक बारीक गोष्ट होती, सापडली, दुरुस्त केली. साहेब खूश. "मला ठाऊकच होतं, सर. तुम्ही डोळे मिटून बसलात की काहीतरी शोधूनच उठता." आणि मग वळून, अगदी मायेनं, कमलताईंना म्हणाले, "झालं ते झालं, कमलताई. माणूस म्हटलं की चुकतो. उद्यापासून परत टेबलावर बसा. फक्त आता लक्ष ठेवून, हं?"

माझ्या तोंडात तेव्हा सीताफळाची बी होती. ती थुंकायला लागतो तेवढा वेळ होता बोलायला. "साहेब, चूक त्यांची नव्हती." चार शब्द. मी बी तोंडात घोळवत राहिलो. कमलताईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतंच, पाकीट बघतात तसं. मग म्हणाल्या, "व्हय साहेब," आणि टेबल पुसायला घेतलं. लतीफभाईंनी तोंड उघडलं होतं. कमलताईंनी त्यांच्या पुढ्यात एक फळ ठेवलं, ते त्यांनी फोडायला घेतलं.

माझ्या चुकीची माफी माझ्यासमोर त्यांना मिळाली, आणि मी ती मिळू दिली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर त्या टेबलावरून जितकी यंत्रं गेली, ती सगळी कमलताईंच्या पायाखालून गेली. एकशे एक कधी आलं नाही. दर खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, आणि साहेब नव्या लोकांना सरांनी डोळे मिटून लावलेल्या शोधाची गोष्ट सांगतात. कमलताई मागं उभ्या राहून प्रसादाच्या पुड्या बांधत असतात. आणि पुढच्या आठवड्यात टोपलं येतं. सगळ्यांना दोन-दोन फळं, मला तीन. "एक जास्त, सर. तुमच्या मशीनवानी." सगळे हसतात. मीही हसतो, मनापासून हसतो, कारण त्या क्षणी मला ती दुपार आठवते, खुल्या गळ्यातलं ते गाणं, "सौ और एक!" तिसरं फळ मी पिशवीत घालून घरी नेतो. ते माझ्याच्यानं तिथं खाववत नाही.

कमलताईंना नेमकं किती माहीत आहे, मला सांगता येणार नाही. फट कुणी शोधली हे त्यांना माहीत आहेच. पण मला ती आधीपासूनच ठाऊक होती, तशी ओळ लिहिलेली होती आणि मी ती पुसली, हे त्यांना कुठून कळणार? कळलं तर तिसरं फळ देतील का?

गेल्या आठवड्यात मी ड्रायव्हर उघडला आणि त्या दोन ओळींच्या वर एक नवी ओळ घातली: ही फट कमलताईंनी शोधली, हात धरायची युक्तीही त्यांचीच, फट मी जाणूनबुजून ठेवली होती. आता जे यंत्र बाहेर पडेल त्याच्या पोटात ही ओळ असेल. लिहून झाल्यावर दोन मिनिटं फार हलकं वाटलं. मग लक्षात आलं, हीही मी कुणाला दिसणार नाही अशाच जागी लिहिली आहे. सवय.

कमलताई येत्या शनिवारी काम सोडतायत. वय झालं, घोटा दुखतो. "त्या पेडलनंच खाल्ला," म्हणतात, आणि घोट्याकडं असं बघतात की जणू कौतुकाचं नातवंड आहे. दुपारच्या सुट्टीत टेबलाशी छोटा निरोप आहे. लतीफभाई तीन दिवसांपासून त्यांना बजावतायत, "ताई, शनीच्चर कू गाना होना. बड़ी आवाज में. साब के सामने." साहेबांनी कालच मला बोलावून सांगितलं, चार शब्द तुम्हीच बोला सर, तुमचं आणि त्यांचं टेबल एकच. भावाला फोन गेलाय. टोपलं शनिवारी सकाळच्या एसटीनं येईल. यंदा डोंगरात फळ भरपूर आहे म्हणे, डोळे चांगले उघडलेत.

कमलताईंच्या फाईलमध्ये माझ्या सहीचा एक कागद आहे, तो मला त्याच सहीनं खोटा ठरवायचा आहे. आणि त्या टेबलाशी, साहेबांसमोर, लतीफभाईंसमोर, पॅकिंगच्या सगळ्या बायांसमोर त्यांना एक वाक्य द्यायचं आहे: चूक माझी होती, मला ती आधीपासून माहीत होती, आणि ती तुम्ही शोधली. आज गुरुवार आहे. अजून दिलेलं नाही.